फिनलंडची पन्नूकाकू

मी आयुष्यात एकूण तीन पॅनकेक केले. पहिला प्यावा लागला, दुसरा चघळावा लागला आणि तिसरा अप्रतिम झाला. भानगड झाली ती तिसऱ्यामुळे!

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आता आखातात; मी मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला, आणि बिऱ्हाड जवळच्या अराद गावात. मुलगी झोया आठवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतूनच येतं. तिची जिवलग मैत्रीण हेल्मी, फिनलंडची, मागच्याच गल्लीत राहते. पोरगी गुणाची, पण तिला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. मैद्याचा कण पोटात गेला तरी बिचारी आठवडाभर आजारी पडते. म्हणून कुणाच्याही वाढदिवसाला ती स्वतःचा डबा घेऊन जाते आणि सगळे केकवर तुटून पडलेले असताना शांतपणे उकडलेले बटाटे खाते. (तेही हसतमुखाने! मला असलं काही असतं तर अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याला फोन गेले असते.)

यंदा फेब्रुवारीत तिचा स्वतःचा वाढदिवस आला आणि नेमकी तिची आई फिनलंडला गेलेली. आजीचं ऑपरेशन होतं. दर वाढदिवसाला आई तिच्यासाठी तिकडचा एक खास पॅनकेक करायची, बिनगव्हाचा. वडील इंजिनीअर, त्यांची मजल बटाट्यांपर्यंत. आमच्या सोफ्यावर बसून हेल्मी झोयाला म्हणाली, "इट्स ओके." ते 'ओके' इतकं बारीक होतं की मला राहवलं नाही.

"नो प्रॉब्लेम! फ्रायडेला तू आणि तुझे डॅडी इकडे या. अंकल विल मेक!"

"अब्बा, यू डोन्ट इव्हन मेक चाय," झोया म्हणाली.

"नाव काय त्या पॅनकेकचं?" मी तिच्याकडे दुर्लक्ष करून विचारलं.

"पन्नूकाक्कू."

"कोण काकू?" आमची नसीम स्वयंपाकघरातून डोकावली.

ही पन्नूकाकू तव्यावर होत नाही. अंडी, दूध, लोणी आणि मैद्याऐवजी तांदळाचं पीठ एकत्र फेटायचं, ट्रेमध्ये ओतायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. ती टम्म फुगते. मग वर स्ट्रॉबेरीचा जाम.

"त्यापेक्षा मी घावनं घालते," नसीम म्हणाली. "सगळा तांदूळच हाय. गव्हाचा संबंध नाय."

"नसीम, हा इंटरनॅशनल मामला आहे. घावनं कसली घालतेस!"

"बरं," म्हणून नसीम आत गेली. ती इतक्या लवकर ऐकते, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मंगळवारी पहिला प्रयोग. मोबाइलवर रेसिपी काढली. त्यात लिहिलेलं, दूध आठ 'डीएल'. डीएल म्हणजे काय? मी बराच विचार केला आणि 'डबा लहान' असा अर्थ लावला. आठ लहान डबे दूध ओतलं. तासाभराने ओव्हन उघडला तर ट्रेमध्ये खीर! आम्ही ती पेल्यातून प्यायलो. डीएल म्हणजे डेसीलिटर हे झोयाने नंतर सांगितलं. (मुलं अशा गोष्टी नेहमी नंतरच सांगतात.)

गुरुवारी दुसरा प्रयोग. वर्कशॉपमधला एकजण म्हणाला, "गहू नहीं है तो चिकटेगा कैसे? इसबगोल डालो." घरात इसबगोल होतं, कशासाठी होतं ते सांगत नाही. एक चमचा पुरला असता. मी अर्धी वाटी घातलं. जे निघालं ते ट्रेमधून काढून दुमडलं, तर टुणकन परत सरळ झालं. टाकवेना म्हणून मी एकट्याने अर्धं खाल्लं. शनिवारपर्यंत परिणाम टिकला.

शुक्रवार उजाडला. दुपारी मी नव्या ट्रेमध्ये, अचूक डेसीलिटरमध्ये, बिस्मिल्ला म्हणून तिसरी पन्नूकाकू ओव्हनमध्ये सरकवली. आणि काय सांगू! वीस मिनिटांत ती फुगायला लागली. कडा सोनेरी, मध्ये डोंगर, बाजूला दरी!

तेवढ्यात हेल्मी आणि तिचे वडील आले. हेल्मीच्या हातात सवयीने डबा होताच. वडील भला उंच माणूस. "हॅलो" म्हणाले, सोफ्यावर बसले आणि त्यांचं बोलणं संपलं. हेल्मी ओव्हनपुढे उकिडवी बसली आणि काचेतून बघत राहिली.

"जस्ट लाइक मॉम्स," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी. माझ्याही!

झोयाने ट्रे बाहेरच्या टेबलावर नेऊन ठेवला. हेल्मीने सुरी उचलली. मी नसीमकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

नसीम पिठाचे डबे बघत होती. "अवो, तांदळाचं पीठ तर काल संपलं. तुम्ही घातलंत काय?"

"त्या डब्यातलं."

"कुठच्या?"

"तो चेपलेला..."

"या अल्ला! तो मैद्याचा!"

म्हणूनच ती बया एवढी फुगली होती! मी बाहेर धावलो. "नो! मफी! खलास! मत खाना! मैदा!" इंग्रजी, अरबी, हिंदी, मराठी, एका दमात चार भाषा झाल्या. हेल्मीच्या हातातली सुरी काढून घेतली आणि मग उघड्या हातांनी ट्रे उचलला. ट्रे ओव्हनमधून नुकताच निघालाय हे हातांना कळलं, पण उशिरा. ट्रे खाली पडला. पन्नूकाकू उडाली आणि सोफ्यावर, हेल्मीच्या वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि जरा सरकून तिला जागा दिली.

मी सगळं कबूल केलं. माझे शब्द अडखळत होते आणि बोटं भाजली होती. हेल्मीने हात, सुरी, सगळं धुतलं आणि आपला डबा जवळ ओढला. "इट्स ओके, अंकल." मला वाटलं, त्या सोफ्याखाली शिरावं.

"डबा ठेव तो," नसीम म्हणाली. "झोया, सगळ्यांना गॅलरीत ने. यल्ला, चला! आणि तुम्ही कशालाही हात लावू नका."

गॅलरीत गॅसची छोटी शेगडी पेटलेली होती. वर तिचा बिडाचा तवा, ज्यावर घावनांशिवाय काही पडत नाही. सकाळीच तिने तांदूळ वाटून पीठ फ्रीजमध्ये लपवून ठेवलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला तुम्ही माहीत हाव."

चर्र आवाज झाला. पातळ, जाळीदार घावन, कडा कुरकुरीत. हेल्मीचे वडील एकदम उभे राहिले.

"लेत्तु!" ते म्हणाले.

आणि तो माणूस बोलायला लागला! उन्हाळ्यात त्यांच्या गावी तळ्याकाठी लाकडं पेटवून, लोखंडी तव्यावर त्यांचे आजोबा असेच पातळ पॅनकेक करायचे. अशीच जाळी, अशाच कडा. हेल्मीला गव्हाचा त्रास निघाल्यापासून त्यांनी तो तवा बाहेरच काढला नव्हता. त्यांनी नसीमकडून कलथा मागून घेतला. पहिलं घावन फाटलं, दुसरं जमलं, आणि तिसरं त्यांनी उलटल्यावर हेल्मीने टाळ्या वाजवल्या. जामची नवी बाटली तिने तीनदा लेबल वाचून उघडली आणि मोजून नऊ घावनं खाल्ली. डबा तसाच बंद घरी गेला.

निघताना तिच्या वडिलांनी माझा भाजलेला हात सांभाळून हातात घेतला. "यू आर अ गुड मॅन," ते गंभीरपणे म्हणाले. "प्लीज, डू नॉट कुक."

महिन्याभराने हेल्मीची आई फिनलंडहून परतली. नसीमसाठी तिने तिकडचा सुरेख बिडाचा तवा आणला होता. मला एक लहानसं पाकीट दिलं. आत चिकटवायची कोरी लेबलं आणि एक काळं मार्कर पेन.

"फॉर द फ्लावर टिन्स," ती पिठाच्या डब्यांकडे बोट करून, गोड हसून म्हणाली. "व्हॉट वर्क डू यू डू?"

मी उत्तर टाळलं. पण झोया गप्प बसेल तर ना!

"अब्बा? ही'ज अ स्टोअरकीपर. ही पुट्स लेबल्स ऑन बॉक्सेस."