मुका स्विच

"पण तू स्क्रू उघडलेसच कशाला?"

"आत काय केलंत ते आधी सांगा."

"नेलपॉलिशचे थेंब टाकून चारी स्क्रू सील केले होते मी. शब्द दिला होतास, हात लावणार नाही म्हणून."

"शब्दाचं मग बघू, काका! ही वायर बघा. स्विचपासून निघतेय, बोर्डाखाली जातेय आणि तिथे टेपने चिकटवलीय नुसती. कुठे जोडलेलीच नाही ही!"

रावजी सुर्व्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हर्षदने टेबलावर उघडून ठेवलेल्या गिटारच्या पेडलकडे पाहिलंच नाही. ते बघत होते त्या चार स्क्रूंकडे. लाल रंग खरवडून काढला होता, डोकी झिजली होती. जणू गुन्हा तिथेच घडला होता.

रत्नागिरीच्या मांडवीतल्या त्यांच्या पडवीला सोल्डरच्या राळेचा वास होता, आणि त्याखाली मासळीचा. तीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढून रावजी घरी परतले, ते या पडवीत येऊन बसले. ट्रॉलरवरचे फिशफाइंडर, देवळांचे अ‍ॅम्प्लिफायर, लग्नातले साउंड मिक्सर, जे बंद पडेल ते इथे येई. हर्षद पिलणकरची गिटारसुद्धा इथेच आली होती, आणि तिच्यामागून हर्षद.

हर्षद तसा चष्म्याच्या दुकानातला माणूस. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलायची, "हे बरं की ते बरं?" विचारायचं. संध्याकाळी हळदी, साखरपुडे, गणपतीतले कार्यक्रम. खरं सांगायचं तर गिटारवर त्याच्यापेक्षा बरी बोटं असलेले दोघेतिघे गावात होते. पण कान? कान हर्षदचाच. ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यायचं, म्हणजे पायाने दाबलं की गिटारचा आवाज जरा खरखरीत, भरदार करणारी ती डबी घ्यायची, तर आधी हर्षदला ऐकवायची. त्यातून कुणी आतले भाग बदलून घेतलेली असली तर विचारूच नका. दर गुरुवारी, दुकान बंद असताना, चिपळुणापासून पूर्णगडापर्यंतची पोरं पिशवीतून डब्या घेऊन यायची. हर्षद डोळे मिटून एकच ओळ वाजवायचा आणि निकाल द्यायचा. "ही नाकात बोलते." "हिचा डायोड बदललाय, पण बदलणाऱ्याला घाई होती." "ही म्हणजे नारळाचा रस कमी पडलेली सोलकढी." तो निकाल मग कुणी बदलत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतःसाठी पेडल घेतलं. साधंच, कंपनीचं. पण खर्ज कापला जायचा. रावजींनी कपॅसिटर बदलला. हर्षद म्हणाला, गोलाई हवी. डायोड बदलले. तर म्हणाला, आता फारच गोल, लोण्यासारखं घसरतंय. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी रावजींनी डबीच्या बाजूला एक छोटा स्विच बसवून दिला. "ऐकून बघ," म्हणाले. हर्षदने धरलं, वर केला की मूळ आवाज, खाली केला की बदललेला. हर्षदने तो खाली केला, एक तार छेडली आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "काका, हेच! हेच शोधत होतो मी!"

मग ज्याला त्याला तसंच पेडल हवं झालं. रावजींनी मात्र कुणालाच करून दिलं नाही. "एकदाच जमलं ते," एवढंच म्हणायचे. त्यामुळे तर पेडलची कीर्ती आणखीच वाढली.

आता हर्षदची भाची वेदिका पुण्यात पहिलं गाणं रेकॉर्ड करणार होती, येत्या शनिवारी. तिने फोनवर एकच मागितलं होतं. "मामा, आवाज तू निवड. तुझ्यासारखाच दे." रावजी तिच्यासाठीही नाहीच म्हणाले, तेव्हा हर्षदने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. फोटो काढून पुण्यातल्या कुणाकडून तरी तसंच करून घेऊ म्हणून.

"मग ते अकरा वेळा केलेलं गेलं कुठे?" हर्षदने विचारलं.

"काढलं सगळं. कंपनीतून आलं होतं तसं करून ठेवलं. वर एक स्विच बसवला."

"म्हणजे कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत घालून दिलात मला!"

"पेटीवर नाव तू छापलंस, शिंच्या! मी म्हणालो का, बदललंय म्हणून? मी म्हणालो, ऐकून बघ."

"हे वकिलासारखं बोलू नका."

"मग तुझ्यासारखं बोलू? ही युक्ती मी शिकलो कुणाकडून? याच पडवीत बसून सांगितलं होतंस. कुणी बँकेतला साहेब चार भिंगांनी समाधानी होईना. तू पहिलंच भिंग काढलंस, पुसलंस, परत तेच घातलंस. म्हणालास, 'आता?' तो म्हणाला, 'आता कसं लख्ख!' पोट धरून हसलो होतो आपण."

"तो गिऱ्हाईक होता, काका!"

"हो ना."

"मी कोण होतो तुमचा?"

रावजींनी टेबलावरचा सोल्डरचा एक मणी नखाने उचकटला. "सांगणार होतो रे. दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. तर तू त्या संध्याकाळी कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलंस. माइकवर माझं नाव घेतलंस, शाल घातलीस. हजार माणूस टाळ्या वाजवतंय. तिथे काय सांगू?"

"तिथे नको होतं सांगायला. नंतर तीन वर्षं होती."

"होती."

"अजून कुणाला माहीत आहे?"

रावजींनी कपाळावरचा चष्मा उतरवून पुसायला घेतला.

"काका."

"दीपकला. माझ्याच तोंडून निघून गेलं एकदा."

दीपक म्हणजे हर्षदच्या कार्यक्रमांतला ड्रमवाला. प्रत्येक कार्यक्रमाआधी हर्षद स्विच खाली करायचा आणि वळून विचारायचा, "कसं?" दीपक काठी उंचावून म्हणायचा, "आता आला गाभा!" प्रत्येक वेळी. आणि गाणारी आरोही नेमकी तेव्हाच तोंडावर ओढणी धरून खोकायची. हर्षद तिला गरम पाणी आणून द्यायचा. तीन वर्षं तो तिच्या घशाची काळजी करत आला होता.

"आरोहीलाही?"

"दीपकने सांगितलं असेल. गंमत म्हणून रे. वाईट मनाने नाही कुणी..."

"माझ्या पाठीमागे जे चालायचं, त्याला तुम्ही गंमत म्हणता?"

रावजी उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी दुसरी डबी काढली, बिनरंगाची, पत्र्याची. "हे तुझं अकरावं. तुझ्या डबीतून काढलेलं सगळं यात बसवलंय. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. तू नको म्हणालास, मला फेकवेना. सगळं खरं बदललेलं आहे, उघडून बघ हवं तर. वेदिकाला हेच पाठव."

"कशावरून?"

"कानावरून! अजून कशावरून? लाव गिटार. तोंड भिंतीकडे कर. मी मागे आलटून पालटून जोडतो, तू सांग."

हर्षदने गिटार गळ्यात घातली. वेदिकासाठी घातली. भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे तोंड करून त्याने एक ओळ वाजवली. मागे खटका झाला. तीच ओळ पुन्हा वाजवली.

फरक होता. स्पष्ट होता. दुसऱ्यात खर्ज पायाखालच्या कातळासारखा पसरला होता, पहिल्यात तो नव्हताच. त्याच्या ओठांवर नेहमीचा निकाल आला आणि तिथेच अडकला. स्पष्ट तर तीन वर्षं ऐकू येत होतंच. रावजींनी खरंच वायर बदलली, की नुसता खटका वाजवला? वळून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण वळून पाहावं लागणं म्हणजेच सगळं संपणं होतं.

"बोल," रावजी मागून म्हणाले. आवाज मऊ होता. "पहिला की दुसरा? काय पाठवायचं पोरीला?"

हर्षदने गिटारची वायर ओढून काढली. अ‍ॅम्प्लिफायर फट्कन वाजला. त्याने गिटार पिशवीत घातली, चेन लावली. खिशात फोन थरथरला. वेदिकाच असणार. त्याने तो पाहिला नाही. दोन्ही डब्या टेबलावर तशाच राहू दिल्या.

"अरे, मला शिव्या घाल हवं तर. पण फरक ऐकू आला की नाही, एवढं तरी सांग!"

त्याने पायांत चपला सरकवल्या, अंगणात उतरला आणि फाटक उघडून चालू लागला.