यंदाचे अल्बम, अक्कासाठी

मी लातूर सोडलं त्या सकाळी अक्का मिलमधून थेट स्टँडवर आली होती. भुवयांवर आणि पापण्यांवर तुरीची पिवळी चुनी बसलेली. दुष्काळाचा उन्हाळा होता. तोंड धुवायचं तर पिण्याच्या घागरीतलं पाणी घ्यावं लागलं असतं, म्हणून ती तशीच आली. पुण्याची बस लागली होती. आई खिडकीतून भाकरीचं फडकं आत देत होती आणि बाबा कंडक्टरला सांगत होते, "पोरगं इंजिनेर व्हायला चाललंय, जरा समोर बसवा." अक्काच्या हातात जुन्या साडीत गुंडाळलेला आमचा टेपरेकॉर्डर होता. तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला.

"तुला?" मी म्हणालो.

"मला कुठं येळ हाय आता? अन् मिलमदी दिवसभर गाणंच हाय की."

ती हसली आणि बस निघाली. त्या महिन्यात घरातून दोघं बाहेर पडलो. ती दालमिलमध्ये गेली, मी कॉलेजात. तिला बारावीत माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.

हे मी लातुरात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे निघून गेलेत त्यांच्यासाठीही. दर वर्षाअखेरीला मी ओळखीच्यांना प्रोग्रेसिव्ह रॉकचे नवे ऐकण्यासारखे अल्बम सुचवतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगतो की यात एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं, ताल मध्येच सातावरून पाचावर जातो, आणि कधी कधी अख्ख्या अल्बमभर एकच गोष्ट असते. यंदाही सुचवायला बसलो होतो. पण यंदाचे अल्बम अक्काला सोडून लिहिता येत नाहीत.

हे संगीत आमच्या घरात आलं ते लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा. त्याआधी आम्ही औशाजवळच्या खेड्यात होतो. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या, आणि बाबांना ड्रायव्हरची नोकरी लागली. एक मुंबईचे साहेब दौऱ्यावर जाताना जीपमध्ये इंग्रजी गाणी लावायचे. बाबा घरी येऊन म्हणायचे, "निलंग्याला गाडी लावली तरी सायबाचं गाणं चालूच! मला तर बेजार केलं त्यानं." बदली झाल्यावर साहेबांनी बाबांना कॅसेटींचा एक खोका देऊन टाकला. त्या कॅसेटी ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून भरून घेतलेल्या होत्या, आणि भरणाऱ्यानं लांबीचा विचार केला नव्हता. बाजू संपली की गाणं तिथंच तुटायचं. तालासकट, शब्दाच्या मधोमध. आम्हाला वाटायचं, असंच असतं. हे संगीत असंच कड्यावरून पडल्यासारखं संपतं. पुण्यात पहिल्यांदा एक गाणं अखेरपर्यंत ऐकलं तेव्हा मला ते उगाच लांबवल्यासारखं वाटलं होतं. अक्काला पत्रात कळवलं, तर तिनं उलटटपाली लिहिलं, "आपलंच बरं होतं."

पुण्यातून मी नोकरीसाठी स्वीडनला आलो, योटेबोरीला. इथं समुद्रावरून पाऊस येतो आणि आठवडाभर हलत नाही. ऑफिसात दोनदा फिका, म्हणजे कॉफी आणि गोड पाव, आणि हवेबद्दल तक्रार. लोक पावसाला कंटाळतात तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो. आई गेली, मग बाबा गेले. दोन्ही वेळा अक्काजवळ होते ते. मी दोन्ही वेळा विमानात होतो. तिकडे अक्का निवडणीच्या बायांमधून वर येत मिलची मुकादमीण झाली. नवरा लवकर गेला. मुलगी संघमित्रा, आमची मिती, तिला तिनं एकटीनं वाढवलं.

काही वर्षांपूर्वी मी तिला फोन आणि कान झाकणारे मोठे हेडफोन पाठवले. तेव्हापासून रविवार ठरला. माझी दुपार, तिची संध्याकाळ. मी अल्बम पाठवायचो आणि दोघं एकाच वेळी सुरू करायचो. तासाभरानं फोन. तीच बोलायची, मोठ्यानं, मिल, गल्ली, मिती. मी काही विचारलं की "हाव, हाव" म्हणायची. मला वाटायचं तिला घाई आहे. अल्बमांना ती स्वतःची नावं द्यायची. तीच नावं इथे लिहितो, कारण घरात आम्ही त्यांना तसंच ओळखतो.

'विहिरीचा' अल्बम पोलंडच्या तिघांचा आहे. दोनच रचना, दोन्ही लांब. पहिली सात मिनिटं नुसता बेस गिटार, एकटा, आणि मग ऑर्गन त्याच्याखालून येतो, वरून नाही. यंदा मी ऐकलेलं सर्वांत चांगलं काम हे. 'पाच पोरांचा' बंगळूरचा आहे. इलेक्ट्रिक गिटारींशेजारी मृदंगम आहे आणि तो शोभेला ठेवलेला नाही, तोच सगळ्यांना ओढून नेतो. शेवटचं गाणं फसलंय, ते सोडून द्या. 'पाखरांचा' नॉर्वेचा. बासरी, झांजा, उंच गळ्याचा गायक, सगळं काचेसारखं. मला तो फार आवडला होता. आता मी तो लावत नाही. का, ते पुढे येईल.

हा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पाणी रेल्वेनं आलं. इथल्या टीव्हीवर लातूर स्टेशन दिसलं. बातमी सांगणारीला 'लातूर' म्हणता येत नव्हतं आणि मी सोफ्यावरून तिचा उच्चार सुधारत होतो. बाहेर पाऊस होता. आमच्या गल्लीनं टँकरची पाळी लावली होती. बोअरवेल आटलेल्या, टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून रोज एका घरानं उंबऱ्यात बसून कान द्यायचा. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की त्या घरानं सगळ्यांना हाक मारायची. मग बाकीच्यांनी कामाला जावं, झोपावं, काळजी नाही.

अक्काच्या पाळीला टँकर आला, हॉर्न वाजवला, थांबला, आणि निघून गेला. अक्का उंबऱ्यात बसली होती. कानांवर माझे हेडफोन होते. अख्ख्या गल्लीची पिंपं कोरडी राहिली.

हे मला मितीनं सांगितलं. "मामा, समोरची मावशी सगळ्यांसमोर बोलली. भावानं गाणं धाडलं अन् गल्लीचं पाणी पळवलं मनली. ममी हेडफोन काढून घरात गेली. तू आता पाठवू नको ना."

मी रजा टाकून निघालो. विमानात मी एकच वाक्य घोकत होतो, मी आता पाठवणार नाही, माझं चुकलं. ज्या गावाला मी एक घागर दिली नाही, त्याचं पाणी माझ्यामुळे गेलं होतं. असं माणूस स्वतःशी बोलायला लागला की त्याला त्यातच एक सुख लागतं, हेही मला माहीत आहे.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो. खाली गल्लीत पिंपांची रांग, प्रत्येकावर रंगानं नाव. मी घोकलेलं वाक्य म्हटलं. अक्का माझ्या ओठांकडे बघत होती. तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग ती हसायला लागली.

"अरे येड्या, मी आईकलं तर पाहिजे ना काही! दोन वर्षं झाले, नुसती घरघर येते, गाणं असं काहीच कळत न्हाई मला."

मला समजलं नाही.

"कान गेलेत माझे. मिलमदी गेले. वरचा आवाज तर पहिलाच गेला, आता खालचा बी चाललाय. पोरीला बी न्हाई सांगितलं."

"मग हेडफोन कामून लावतेस?" मी नकळत तिच्या बोलीत विचारलं.

"लावले तर लोकं मनतेत, गाणं आईकून राहिली. न लावता बसले तर मनतील भयरी हाय." तिनं खाली गल्लीकडे एक नजर टाकली. "मुकादमिणीला रोलरमदी खडा वाजला की कळावं लागतं रे. भयरी मुकादमीण कोण ठेवल? मितीचं नर्सिंग व्हायचंय अजून. मिलमदल्या पोरी चांगल्या हायेत, खडा वाजला की माझ्या पाठीला हात लावतेत. तुझ्या गाण्याचा लई आडोसा झाला मला."

मी विचारलं, मग नावं? विहिरीचा, पाखरांचा?

"चित्र बघून."

खरंच. पोलंडच्या त्या मुखपृष्ठावर एक काळं वर्तुळ आहे. बंगळूरच्या मुखपृष्ठावर पाच पोरं भिंतीला टेकून उभी आहेत. मी कधी विचारलंच नव्हतं.

"मग दर रविवारी तासभर तू करायचीस काय?"

"बसायची." तिला प्रश्नच विचित्र वाटला. "तू बी तिकडं बसल्याला असतो ना? मनून बसायची."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे, खालच्या सुरांना, बरी असलेली रेघ उजवीकडे, वरच्या सुरांना, उतरत जात तळाला टेकली होती. यंत्र लावून बोलणं थोडं सुधारेल, गाणं नाही, आणि मिल सोडली नाही तर जे आहे तेही जाईल, असं ते म्हणाले. मितीनं रस्त्यावर येईपर्यंत दम धरला. मग रिक्षात बसल्यावर आईच्या दंडावर चापट मारून म्हणाली, "मी नर्स होऊन राहिले अन् मलाच न्हाई सांगितलं." अक्का म्हणाली, "हळू मार, हाडं अजून चांगले हायेत."

योटेबोरीला परत आल्यावर मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. डॉक्टरांच्या आलेखाप्रमाणे माझ्या स्पीकरचे वरचे सूर एकेक करून खाली ओढले, आणि अक्काच्या कानांनी अल्बम लावले. 'पाखरांचा' सुरू झाला आणि काहीच आलं नाही. बासरी नाही, झांजा नाही, गायक नाही. भिंतीपलीकडे कुणी जड सामान हलवतंय एवढंच. 'पाच पोरां'मधला मृदंगम अर्धा राहिला, डाव्या हाताची घुमणारी बाजू तेवढी. 'विहिरीचा' जवळजवळ तसाच होता. मी तो पुन्हा लावला. मग ऑर्गन खालून येतो त्या जागी मला मिल ऐकू आली. पट्ट्याची घरघर, रोलर, चाळणीचं थरथरणं, पुण्याहून सुट्टीत आलो की अक्काला डबा द्यायला जायचो तेव्हा दारातच छातीवर आदळायचं ते सगळं. मी सूर पूर्ववत केले तरी ते गेलं नाही. आजही कोणताही अल्बम लावला तरी ते तळाशी चालू असतं. मी गेलो त्या सकाळपासून ते तिच्या कानांत चालू होतं आणि मी इथे चांगले स्पीकर शोधत होतो. माझ्या ओळखीचे म्हणतात, स्वतःला दोष देऊ नकोस. मी देत नाही. मी फक्त ऐकतो.

पावसाळ्यात अक्कानं शेठना स्वतःच सांगितलं. मी किंवा मितीनं सांगितलेलं तिला नको होतं. आत काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. आता ती बाहेरच्या आवारात काट्यावर असते, पोत्यांच्या वजनावर. तिथं डोळे पुरतात. मुकादमी गेली. गल्लीत समोरच्या मावशीला कळलं तेव्हा त्या एक हंडा पाणी घेऊन आल्या, दाराशी ठेवून काही न बोलता गेल्या. अक्का मला म्हणाली, "बोलली असती तरी मला कुठं आईकू येनार होतं!" हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. "लिही की," ती म्हणाली, "आता काय लपवायचं राहिलं."

पण रविवारचं काय करायचं, हा प्रश्न होता. उन्हाळ्यात मी गल्लीतून निघायच्या आदल्या दिवशीच ती म्हणाली होती, "तू सांग मला, काय हाय त्या गाण्यात." मी तिच्या उजव्या कानाशी ओरडायला लागलो, तर खालून कुणीतरी विचारलं, भांडण आहे का. तेव्हा तिनं मला मिलची बोली दाखवली. त्या आवाजात कुणी बोलत नाही, सगळ्या बाया हातांनी बोलतात. मूठ उघडली की माल आला. दोन बोटं कानावर, रोलर गरम. तळहात आडवा सरकवला की पट्टा सुटला. मनगट हलवलं की शेठ येतोय. नवऱ्याबद्दलच्या, चहाबद्दलच्या, पाळीबद्दलच्या खुणा आहेत. काही मला दाखवायला तिनं नकार दिला. तीस वर्षं ती ही भाषा बोलत होती आणि मला ती असल्याचंही माहीत नव्हतं.

आता रविवारी व्हिडिओ लावतो आणि आवाज बंद ठेवतो. अल्बम मी आधी ऐकून ठेवलेला असतो. मग तो हातांनी सांगतो. बेस म्हणजे पोतं ओढणं. ढोल म्हणजे चाळणी. ऑर्गनला खूण नाही, तिथं मी अडकतो. परवा 'विहिरीचा' सांगताना ऑर्गन हळूहळू वर येतो हे दाखवायला गेलो आणि माझ्या हातून बहुधा शेठच गरम झाला. अक्का इतकी हसली की मिती स्वयंपाकघरातून धावत आली.

मी स्वीडिश बोलायला शिकलो तेव्हा माझ्या चुकांवर कुणी हसलं नाही. ते सभ्य लोक आहेत, चूक ऐकून घेतात आणि पुढे जातात. इतक्या वर्षांत इथं कुणी मला थांबवलं नाही. अक्का थांबवते. कपाळावर हात मारते, मग फोन मितीकडे देते, दोन्ही हात मोकळे करून माझ्यासमोर धरते. अंगठा आत, कोपर खाली, बोटं सैल. मी अंगठा बाहेर ठेवतो. ती मान हलवते आणि पुन्हा धरते, आणखी सावकाश.

मी पुन्हा करतो.