देवानंद सेटवर होता

१९९९ च्या उन्हाळ्यात आमची पलटण काश्मीर खोऱ्यात होती. मी सिग्नल प्लाटूनमध्ये हवालदार होतो. लान्स नायक देवानंद बोरकर त्याच प्लाटूनमध्ये. आम्ही दोघेही गोंदियाचे. माझं घर कुडव्याला, त्याचं गाव बिरसीच्या पलीकडे. त्याच वर्षी गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला. ती बातमी आम्हाला पत्रांतून कळली. सर्व्हिस रेकॉर्डवर आमचा जिल्हा भंडाराच राहिला. देवानंद मात्र लगेच गोंदिया सांगू लागला. कुणी नकाशात शोधून सापडत नाही म्हणालं, की नकाशा जुना आहे, असं त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

मेच्या अखेरीस द्रासकडे हलण्याचा हुकूम आला.

सिग्नलवाल्याचं काम लोकांना वाटतं तसं बोलण्याचं नसतं, ऐकण्याचं असतं. उंचावरच्या थंडीत वायरलेस सेटची बॅटरी लवकर उतरते. म्हणून झोपताना ती अंगाशी ठेवावी लागते. देवानंद दोन बॅटऱ्या कुशीत घेऊन झोपायचा. लग्न झाल्यावर बायकोला असंच जपशील का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "बायको सोताहून गरम राह्यते, हवालदारसाहेब. हिलेच जपा लागते."

शत्रूचे सेट आमच्या फ्रिक्वेन्सीवर येत. त्यांना हिंदी कळायची, पंजाबी कळायची. कधी मध्येच शिव्याही देत. देवानंद आणि मी सेटवर आमच्या गावाकडच्या झाडीबोलीत बोलायचो. आमचे सिग्नल ऑफिसर, एक तरुण कॅप्टन, ते ऐकून एकदा थांबले. कोणता कोड आहे, असं त्यांनी विचारलं.

"सर, घर की बोली है," देवानंद म्हणाला.

कॅप्टनसाहेबांनी त्या दिवसापासून एक नियम केला. पुढच्या सेटवर बोरकर असेल, तर मागच्या सेटवर मी.

जूनमध्ये आमच्या कंपनीला एका कड्यावरचा बंकर घ्यायचा होता. पुढची तुकडी अंधारात चढली. उजाडलं तेव्हा ती बंकरच्या खालच्या कपारीत अडकली होती. वर जाता येत नव्हतं, खाली येता येत नव्हतं. दिवसभर पडून राहायचं आणि पुन्हा अंधार पडायची वाट पाहायची, एवढंच शक्य होतं. बंकर इतका जवळ होता की कपारीत कुणी बोललं असतं तर वर ऐकू गेलं असतं. पुढच्या सेटवर देवानंद होता. कंपनी हेडक्वार्टरच्या सेटवर मी. शेजारी तोफखान्याचे ऑफिसर होते. त्यांना बंकरची मागची बाजू दिसत नव्हती. कपारीच्या टोकावरून देवानंदला दिसत होती.

तो बोलू शकत नव्हता, पण हेडसेटमधून ऐकू शकत होता. सेटचं बटण दाबलं की दुसऱ्या टोकाला खट असा आवाज येतो. दोनदा दाबलं तर हो, एकदा दाबलं तर नाही, असं आम्ही आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

"देवा, आयकून राहिला का?"

खट, खट.

"गोळा बंकराच्या मांगं पडला?"

खट.

"मंग इकडं पडला?"

खट, खट.

मी ऑफिसरना हिंदीत सांगायचो, ते तोफांना सांगायचे. पुढचा गोळा यायचा. शत्रूला माझा आवाज ऐकू जात असणार, पण ती बोली त्याला कळत नव्हती. देवानंदची खटखट म्हणजे त्याच्या लेखी हवेतली खरखर. मधल्या शांततेत मी भूक लागली का म्हणून विचारलं. त्याने बटण इतक्या वेळा दाबलं की ऑफिसरही हसले.

दुपारपर्यंत आमचे गोळे बंकरवर पडू लागले. त्यानंतर कपारीवर वरून मोर्टारचा मारा झाला. मी विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. अंधार पडेपर्यंत विचारत राहिलो.

तुकडी मागे घेतली गेली. जखमींना आणलं. देवानंद कपारीच्या टोकाला होता. तिथपर्यंत कुणाला पोचता आलं नाही. त्याच्या नावापुढे 'मिसिंग' लागलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ठाण्यावर गोळा पडला आणि माझ्या उजव्या हातात स्प्लिंटर शिरलं. हॉस्पिटल झालं, मग सिक लीव्हवर मी गोंदियाला आलो. लढाई सुरूच होती.

गोंदियात तेव्हा रेल्वे स्टेशनच्या बाजूला नवा सायबर कॅफे निघाला होता. मालकाचं नाव अनिल. घरी हिंदी बोलणारा, उत्साही माणूस. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आम्ही लढत असलेली लढाई अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही रोज चालू आहे. परदेशातल्या भारतीयांचा इंटरनेटवर एक चर्चामंच होता. इंजिनियर, डॉक्टर, विद्यार्थी तिथे जमत. वर्तमानपत्रांतल्या बातम्या ओळ न् ओळ तपासत. कोणतं शिखर कोणत्या बाजूने घ्यावं यावर वाद घालत. एकमेकांना अडाणी म्हणत, देशद्रोहीही म्हणत. बहुतेकांनी जवान जवळून पाहिलेला नव्हता. पण त्यांतले बरेच जण आपल्या झोपेच्या वेळेला जागून हे करत होते, हेही खरं. त्यांच्यात आमगावकडचा योगेश बिसेन होता. तो न्यू जर्सीत नोकरीला होता आणि मंचावर गोंदियाबद्दल लिहायचा.

अमेरिकेत गोंदियाचं नाव निघतं, याचा अनिलला अभिमान होता. ज्या पानावर गोंदिया शब्द दिसेल ते पान तो छापून काढायचा आणि आजूबाजूच्या गावचं कुणी दुकानाशी आलं की त्याच्या हाती द्यायचा. पानं इंग्रजीत होती. अनिल ती वाचत बसत नव्हता. असंच एक पान त्याने बिरसीकडे परतणाऱ्या एका माणसाला दिलं. त्यावर गोंदिया होतं आणि बोरकर होतं. गावात ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं. कॉम्प्युटरचा कागद, अमेरिकेतून आलेला, म्हणजे सरकारी असणार, असं सगळे धरून चालले. देवानंदचे वडील सुकदेव बोरकर यांना कुणीतरी नावावर बोट ठेवून दाखवलं. ते रोज शेतावर जाताना फलकापाशी थांबत. कुणी वाटेत भेटलं तर त्यालाही थांबवत.

मग कॉलेजातली एक मुलगी सुट्टीत गावी आली आणि तिने तो कागद वाचला.

त्यात लिहिलं होतं की तुकडीशी सकाळपासून संपर्क तुटला होता. संपर्क तुटला कारण गोंदियाचा ऑपरेटर बोरकर सेट टाकून पळाला. म्हणूनच त्याचं नाव मृतांत नाही, बेपत्तांत आहे. लिहिणाऱ्याने खाली, आपला चुलतभाऊ सैन्यात आहे, अशी पुस्ती जोडली होती. एका वर्तमानपत्रातल्या अर्ध्या बातमीवर हे सगळं उभं होतं. पुढून आवाज येत नव्हता, एवढाच त्या बातमीचा आधार.

कागद फलकावरून निघाला. गोष्ट निघाली नाही. पानठेल्यावर एकाने सुकदेवकाकांना विचारलं, पोरगा कोणत्या रस्त्याने येऊन राहिला, बालाघाटच्या की नागपूरच्या? काकांनी त्या ठेल्यावर जाणं सोडलं. शेतात भाताची रोवणी सुरू होती. त्यांच्या भाताच्या बांधीत मदतीला येणाऱ्या दोन बाया आल्या नाहीत.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते बांधीत होते. चिखलातून वर धुऱ्यावर आले. पट्टीने गळ्यात बांधलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. बसायला सांगितलं नाही.

"तू सेटवर होतास ना? खरं सांगजो."

मी सांगितलं, तो शेवटपर्यंत सेटवर होता.

"तुले कसं माहीत? तो तं बोलला नाही म्हंतेत."

"मी ऐकलं, काका. काय ऐकलं ते सांगता येत नाही. लढाई सुरू आहे."

 त्यांनी हातपाय धुतले, सदरा घातला आणि म्हणाले, ती माणसं कुठं बसून राह्यतेत ते मला दाखव.

ती माणसं समुद्रापलीकडे आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांना पाहायचं होतं. मी त्यांना मित्राच्या स्कूटरवर मागे बसवून अनिलच्या दुकानात नेलं. स्कूटर मित्राने चालवली. अनिलला तोवर प्रकार कळला होता. त्याने काकांसाठी स्वतःची खुर्ची दिली आणि मान खाली घालून मशीन सुरू केलं. कनेक्शन लागायला वेळ गेला.

बोरकरवरची चर्चा अजून चालूच होती. योगेश बिसेन एकटा, पुरावा नसताना असं लिहू नका, म्हणत होता. त्यालाही, गाववाला म्हणून बाजू घेतोस, असं उत्तर मिळत होतं. माझ्या सांगण्यावरून अनिलने टाइप केलं: मी त्या दिवशी त्याच्याशी संपर्कात होतो. लान्स नायक बोरकर पळालेला नाही.

आपल्याकडे सकाळ होती, त्यांच्याकडे रात्र. उत्तरं लगेच आली. कुणी सलाम केला. कुणी लिहिलं, इथे रोज कुणीतरी फौजी असल्याचं सोंग करतो. मग एकाने सरळ प्रश्न टाकला. तो माणूस सभ्य होता आणि त्याचा प्रश्न योग्य होता. पुढून एकही शब्द आला नाही, हे सर्वांना मान्य आहे. मग तो सेटवर होता हे तुम्हाला कसं कळलं? एवढं सांगा, मी सगळ्यांतर्फे माफी मागतो.

काकांनी विचारलं, काय म्हणतो? मी सांगितलं.

"मंग सांग ना."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि हळू आवाजात बोललो. त्याचं उत्तर दोन ओळींचं आहे, पण ते पान जसं इथे उघडतं तसं सीमेपलीकडेही उघडतं. आम्ही दोघांनी काय केलं ते तिथे वाचलं गेलं, तर उद्यापासून त्यांचा माणूस ते ऐकायला बसेल.

"तिथं आताबी पोरं आहेत?"

"आहेत. आजही तसंच करून राहिली."

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यावर त्यांच्या मुलाचं नाव होतं, आता त्यांना ते ओळखता येत होतं. अनिल की-बोर्डवर हात ठेवून थांबला होता.

"नोको सांगू," काका म्हणाले. "माहा पोरगा तिथं चुप बसला. मले इथं बसता येत नाही का?"

त्यांनी अनिलला मशीन बंद करायला सांगितलं. परत जाताना पानठेल्यापाशी स्कूटर थांबवायला लावली. उतरले, पान घेतलं, तिथेच उभं राहून खाल्लं. कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

जुलैत आमच्या पलटणीने तो कडा घेतला. देवानंद कपारीच्या टोकाला सापडला. सेट पाठीवर होता, हेडसेट कानावर. कॅप्टनसाहेबांनी स्वतः पत्र लिहिलं. त्यात त्या दिवसाच्या तोफांच्या अचूक माऱ्याचं श्रेय लान्स नायक बोरकरला दिलं होतं. शवपेटी गावात आली तेव्हा बिरसीपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. विहारासमोर पंचशील झालं, मग सलामी. रोवणीला न आलेल्या त्या दोन बायाही आल्या होत्या. काकांनी त्यांना पाणी दिलं.

हिवाळ्यात योगेश बिसेन सुट्टीवर आला आणि मला घेऊन काकांकडे गेला. लढाई संपली होती, आमची ठरवलेली पद्धतही पलटणीने बदलली होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो काकांना म्हणाला की आपण तिथे कमी पडलो.

"तू राती जागत होतास म्हणे. कायले?"

"झोप येत नव्हती, काका."

"मलेबी," काका म्हणाले, आणि त्याला जेवायला बसवलं.

योगेशने परत जाऊन मंचावर सविस्तर लिहिलं. तोवर तिथे दुसरे वाद सुरू झाले होते. थोड्याच लोकांनी ते वाचलं. प्रश्न विचारणाऱ्या त्या सभ्य माणसाने कबूल केल्याप्रमाणे माफी मागितली. पुढे काही वर्षांनी तो मंच बंद पडला. आता हातातल्या फोनवर प्रत्येक चकमकीचा वाद त्याच दिवशी सुरू होतो, आणि आमच्या गावांतली मुलंही त्यात असतात. मी त्यांना अडवत नाही. बातमी अर्धी असेल तर थांबा, एवढंच सांगतो.

देवानंदच्या गावच्या शाळेत २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की गावातल्या फौजींची नावं वाचतात. जो सुट्टीवर असेल तो हजर म्हणतो. जो सीमेवर असेल त्याच्यासाठी घरचं माणूस म्हणतं. देवानंदचं नाव शहीद म्हणून वेगळं वाचायचं ठरलं होतं. सुकदेवकाकांनी ते मानलं नाही. त्याचं नाव बाकीच्यांतच घ्या, म्हणाले. पहिल्या वर्षी गुरुजींनी वाचलं, लान्स नायक देवानंद सुकदेव बोरकर. काका उभे राहिले आणि खणखणीत आवाजात हजर म्हणाले. पुढे ते दरवर्षी म्हणत राहिले.

काका गेले त्या वर्षी मी पेन्शनवर आलो होतो. गुरुजींनी नाव वाचलं आणि यादीवरून नजर उचलली. मैदानात पोरं रांगेत उभी होती. मी मागच्या ओळीतून पुढे आलो, सावधान झालो आणि म्हणालो, "हजर."