साठे मॅडमची लायब्ररी

भूतबित, करणी, अंगात येणं... घरात कुणी असलं काही बोलायला लागलं की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. या सदरातले अनुभव बायकोला मोठ्याने वाचून दाखवत मी पोट धरून हसलोय. तरी आज लिहायला बसलो. भीती वाटते म्हणून लिहीत नाहीये, भीती केव्हाच गेली. लाज मात्र गेली नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी रोज चार्टर्ड बसने नोएडाला एका सॉफ्टवेअर कंपनीत जायचो. काचेची तीन मजली नवीकोरी बिल्डिंग आणि समोर चक्क मोहरीचं शेत! दिवसातून चारदा लाइट जायची, जनरेटर धडधडायचा. आमच्या टीममध्ये मराठी दोघंच — मी आणि साठे मॅडम. त्या फरीदाबादहून यायच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. डब्यात माझ्यासाठी वेगळी पोळी आणायच्या. दोघंही कॉन्ट्रॅक्टवर होतो.

आमचं काम म्हणजे स्क्रिप्ट लिहिणं. स्क्रिप्ट म्हणजे पाच-दहा ओळींचा प्रोग्राम; काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करून एंटर मारायचं, की तो काम करून मोकळा. आधी प्रत्येकजण आपल्या मनाने लिहायचा, आणि कोण कुणाच्या फाइली उडवेल याचा नेम नसायचा. मॅडमनी त्यावर एक लायब्ररी तयार केली — नेहमी लागणाऱ्या तयार फंक्शन्सची फाइल. ती स्क्रिप्टला जोडली, की काहीही पुसण्या-बदलण्याआधी ती 'आर यू शुअर?' असं विचारायची आणि 'हो'साठी वाय किंवा 'नाही'साठी एन दाबेपर्यंत हलायची नाही. मॅडमचा आणखी एक नियम होता. स्क्रिप्टच्या वर लिहिणाऱ्याचं नाव नसेल, तर लायब्ररी ती चालूच द्यायची नाही. "काही बिघडलं तर कुणाचा कान धरायचा ते कळायला हवं ना रे," असं म्हणायच्या.

त्या वर्षी पर्मनंटची एकच जागा निघाली. आमचे बॉस भाटिया सर म्हणाले, "जो बढ़िया टूल दिखाएगा, उसका नाम भेज दूँगा." ती जागा मॅडमचीच होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नेमक्या त्याच वेळी त्यांच्या सासूबाई आजारी पडल्या आणि त्या पंधरा दिवस नागपूरला गेल्या.

मी काय केलं सांगतो. मी सात ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. लायब्ररी आणि तिच्यावर चालणाऱ्या चाळीस फाइली उघडायच्या, 'सुनंदा साठे' खोडायचं, 'नितीन जोगळेकर' घालायचं. आणि त्या स्क्रिप्टला मी मॅडमचीच लायब्ररी जोडली होती, कारण दुसऱ्या पद्धतीने लिहायची सवयच राहिली नव्हती. 'आर यू शुअर?' आलं. मी वाय दाबलं. हे लिहितानासुद्धा कान गरम झालेत.

मॅडम परत आल्या, फाइल उघडून थोडा वेळ बघत बसल्या. "माझं नाव कुठे गेलं रे?"

"सरांनी सगळं एकाच नावावर करायला सांगितलं," मी म्हणालो. धडधडीत खोटं!

"अच्छा," म्हणाल्या आणि डबा उघडून माझी पोळी माझ्यापुढे ठेवली. निर्लज्जासारखी मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेमो. भाटिया सर, दोन मॅनेजर माझ्या खुर्चीमागे, आणि सगळ्यांच्या मागे मॅडम. मी जुन्या फाइली पुसायची स्क्रिप्ट चालवली. 'आर यू शुअर?' यायला हवं होतं. त्याऐवजी पडद्यावर रोमन अक्षरांत, पण चक्क मराठीत आलं —

हे तू लिहिलंस का? वाय की एन?

मी वाय दाबलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा वाय... पुन्हा तीच.

"ये क्या पूछ रहा है, भाई?" सरांनी विचारलं.

"टेस्टिंग मेसेज है, सर."

पाचव्यांदा ओळ आली तेव्हा मी एन दाबलं. खरं तर एन दाबलं की स्क्रिप्टने बंद पडायला हवं. ती सुरळीत चालली! मॅनेजरनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं, तर मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. मग त्या चहा आणायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी लायब्ररी ओळ न् ओळ वाचून काढली. तिच्यात 'आर यू शुअर?' एवढंच होतं. सगळ्या मशीनवर शोध घेतला, ती मराठी ओळ कुठेच नाही. बॅकअपच्या जुन्या टेपवरून लायब्ररीची मूळ प्रत आणली, वर पुन्हा माझं नाव घातलं — हो, पुन्हा! — आणि चालवली. तोच प्रश्न. शेजारच्या यादवने चालवली, तर नेहमीचं इंग्लिश. मी बसलो की मराठी. ती नोकरी सोडेपर्यंत मी रोज दोन-तीनदा एन दाबत होतो.

जागा मला मिळाली. दोन महिन्यांनी मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली.

बऱ्याच वर्षांनी फरीदाबादच्या गणपतीत त्या भेटल्या. केस पूर्ण पांढरे. कॉम्प्युटर सोडून त्या मुलांच्या शिकवण्या घेत होत्या, हे तिथेच कळलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, डेमोच्या दिवशीचा तो प्रश्न तुम्हीच घातला होतात ना? कसा घातलात, तेवढं तरी सांगा."

त्यांनी चमकून बघितलं. "मी? अरे, मी फाइलला हातसुद्धा लावला नव्हता. मला वाटलं, तूच घातलायस. सगळ्यांसमोर बोलायची हिंमत होत नाही, म्हणून मला कळेल अशा भाषेत कबूल करतोय पोरगा. एन दाबलंस ना, तेव्हा बरं वाटलं होतं मला. दोन महिने वाट बघितली. आज येऊन बोलेल, उद्या बोलेल..."

त्यांनी माझ्या हातात शिऱ्याचा द्रोण दिला. "खा, गार होतोय," म्हणाल्या आणि आरतीला उभ्या राहिल्या.

तो प्रश्न पडद्यावर कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा. पण मॅडमची खुर्ची माझ्यापासून चार पावलांवर होती, आणि त्या दोन महिन्यांत मी एकदाही उठून तिथपर्यंत गेलो नाही.