चौघांची की आठांची

आमच्या घरात पोहता येतं ते एकट्या आईला. तेही मेंढ्यांमुळं. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या डोहात धुवाव्या लागत, आणि एखादी घाबरून खोल पाण्यात शिरली की तिच्या मागं कुणाला तरी जावं लागे. बाकी आम्ही सात जण धरणाच्या काठावर राहून कधी गुडघाभर पाण्यापुढं गेलेलो नाही. तरीही मोटारबोट घ्यायची कल्पना माझी होती, आणि ती मी कुणालाही न विचारता काढली होती.

कारण सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या भावानं चूल वेगळी करायची गोष्ट काढली. भांडण काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवता आलं असतं. मी आठवडाभर बीडला क्लासमध्ये गणित शिकवतो आणि शनिवारी गावी येतो. माझी बायको आणि दोन मुली गावीच असतात. शेत तो बघतो, आईचं औषधपाणी तो बघतो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, आपापलं असलेलं बरं. हाय तवर गोडीत वेगळं व्हावं." मी म्हणालो, "बघू." मला काही सुचलं नाही की मी बघू म्हणतो. वर्गात फळ्यासमोर माझी जीभ जितकी चालते, तितकी घरात चालत नाही.

तेवढ्यात रस्ता रुंदीकरणात आमच्या शेताची एक पट्टी गेली आणि तिचा मोबदला दोघांच्या नावावर मिळून आला. आता हे पैसे वाटायचे, मग भांडी, मग शेत, हे मला सरळ दिसायला लागलं. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण बोट घेऊ."

सगळ्यांचे घास हातात राहिले. आई म्हणाली, "कसली?"

वडवणीच्या पुढं धरणाचं पाणी आमच्या बांधापर्यंत येतं. रविवारी बीडहून लोक गाड्या घेऊन येतात, आमच्याच बांधावर उभं राहून फोटो काढतात, आणि आम्ही त्या पाण्यात फक्त पाइप सोडतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मनातलं मात्र सांगितलं नाही. मनात एकच होतं, रविवारी आठही जण एका बोटीत बसतील आणि भर पाण्यात कुणाला उठून वेगळं जाता येणार नाही. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला हा उपाय अगदी बिनतोड वाटला होता. भाऊ का तयार झाला, ते मला तेव्हाही कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बघून तर येऊ."

धरणात बोट चालवायच्या परवानगीची खटपट मी केली आणि एका रविवारी जीप ठरवून आम्ही आठही जण निघालो. आष्टीच्या वाटेवर एका माणसानं कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टच्या दोन बोटी आणून ठेवल्या होत्या. चहूकडं कोरडं रान, तुरीची पिवळी फुलं, आणि मध्ये विटांच्या थप्प्यांवर दोन बोटी. आसपास पाणी म्हणजे तिथल्या माठात होतं तेवढंच. आधीच मी गोंधळलेला, त्यात हे दृश्य.

मोठी आठ जणांची होती. वर ताडपत्रीचं छत, मागं दांडगं इंजिन. लहान चौघांची, उघडी, हलकी, इंजिन काढलं की चौघांनी उचलून नेता येईल अशी. विकणारा माणूस बोलका होता. म्हणाला, "मोठी घ्या सर. वारं सुटलं तरी जागची हलत न्हाई." मला पटलं. लगेच म्हणाला, "पर लहानीला पेट्रोल लई कमी लागतं, अन् वळती बी झटक्यात." तेही पटलं. मोठी जड, तिला पाणी खोल लागतं. लहान उथळात चालते, पण लाटेत हेलकावते. मोठीत सावली आहे, लहानीत मोकळं वाटतं. दर वाक्यागणिक माझं मत फिरत होतं. शेवटी मी त्यालाच विचारलं, "मग कोणती घ्यावी?"

"तुमाला कशापायी पायजे त्याच्यावर हाय, सर."

नेमकं तेच मला सगळ्यांसमोर सांगता येत नव्हतं.

जीपवाल्यानं आणखी घोळ घातला. तो मोठीभोवती चक्कर मारून म्हणाला, "आठ लिवलंय म्हंजी पंधरा बसतेत की." मग लहानीकडं बघून म्हणाला, "अन् हिच्यात आठ." आमच्याकडं गाडीतल्या जागा अशाच मोजतात, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझी थोरली तर म्हणाली, "मग लहानच घेऊ, बाबा, आपण आठच तर आहोत." मीही क्षणभर खुश झालो. विकणाऱ्यानं हात जोडले. "आवो, ही जीप न्हाई. पाण्यात तसं केलं तर बुडताल समदे."

म्हणजे मोठीत आम्ही आठ, लहानीत चार. गणित पुन्हा होतं तिथंच आलं.

आई दोन्ही बोटींच्या पोटाखाली वाकून बघत होती, हात मारून आवाज ऐकत होती, बाजारात म्हैस बघावी तशी. मोठीचं पोट लई खाली हाय, एवढंच बोलली आणि लहानीत चढून बसली. तिच्या मागं पुतण्या चढला, मग भावाची बायको, मग भाऊ. चार झाले. बोट भरली. मी बाहेर उभा, काठावर हात ठेवून. माझी बायको आणि मुली मोठीच्या छताखाली बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवतीच्या बाकीच्या जागा रिकाम्या होत्या. चूल वेगळी झाली की आई कुणाकडं जाणार, हा प्रश्न घरात कुणी काढला नव्हता. तो इथं कोरड्या रानात विटांवर मला समोर बसलेला दिसला. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते कळेना.

आणि मग मी घोडचूक केली. मन मोठं करावं, त्याच्यावरच सोपवावं, म्हणजे तो विरघळेल, अशा काहीतरी विचारानं मी म्हणालो, "तू निवड. धाकट्यानं आधी."

भावाच्या बायकोनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं. मला कळायला थोडा वेळ लागला. आमच्याकडं हे शब्द एकाच प्रसंगी बोलतात. घर वाटायचं ठरलं की थोरल्यानं वाटे मांडायचे आणि म्हणायचं, तू निवड, धाकट्यानं आधी. वडिलांनी आणि चुलत्यांनी मेंढरं वाटली तेव्हा वडील हेच म्हणाले होते. जे टाळायला मी एवढा खटाटोप केला, ते मीच चारचौघांत जीपवाल्यासमोर सुरू केलं होतं.

आई बोटीतूनच म्हणाली, "वाटे मांडलेस व्हय रं?"

मला म्हणायचं होतं, नाही, तसं नाही.

भावानं खाली उतरून बाकीच्यांनाही उतरवलं आणि दोन्ही बोटींकडं नीट बघितलं. मोठीच्या मागं जाऊन तिच्या तळाला हात लावला, लहानीला एका बाजूनं उचलून पाहिलं. मग म्हणाला, "लहान."

"कावून?" मी विचारलं. इतकी वर्षं बीडला शिकवून माझी भाषा पुस्तकी झाली आहे, पण त्या वेळी 'का'च्या जागी तो शब्द आपोआप आला.

"लहानच बरी," तो म्हणाला आणि बोट भरायला टेम्पो कुठं मिळतो ते विचारायला गेला.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. चौघांची बोट. त्याचे तिघं आणि आई. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? पण धरणावर पहिल्या रविवारी वेगळंच झालं. बोट चालवायला भाऊ शिकला होता, म्हणून प्रत्येक फेरीला तो लागायचा. पोहता येणारी एकटी आई, म्हणून ती लागायची. उरायच्या दोन जागा. त्यात कधी माझ्या मुली, कधी दोघी जावा, कधी पुतण्या आणि मी. कुणाचंही घर पुरतं बोटीत बसायचं नाही आणि पुरतं काठावरही राहायचं नाही. मी तरंगायचं जाकिट घालून काठ घट्ट धरून बसायचो. हे त्यानं ठरवून केलं की आपोआप झालं, याचा मला उलगडा होईना. विचारायचा धीरही होईना.

संक्रांतीनंतर चूल वेगळी झालीच. मधल्या भिंतीला दार ठेवलं. आई दोन्हीकडं जेवते आणि दोन्हीकडच्या भाजीला नावं ठेवते. मी शनिवारी येतो तेव्हा आधी कोणत्या दारात शिरावं, इथून माझा गोंधळ सुरू होतो.

चैत्रात पाणी ओसरलं. बांधाला लागलेलं पाणी पार खाली गेलं आणि बोट भेगाळलेल्या गाळात उघडी पडली. मी काठावर उभा राहून विचार करत होतो. आता ही कुणाची? खाली कुणी न्यायची? त्याला हाक मारावी तर हक्क राहिला का, आणि न मारावी तर त्याला काय वाटेल? तेवढ्यात तो आणि त्याची बायको बांध उतरून येताना दिसले. माझ्या बायकोला त्यांनीच हाक मारून सोबत आणलं होतं. त्यानं इंजिन सोडवून बाजूला ठेवलं आणि बोटीचा पुढचा काठ धरला. दोघी जावा एकेका बाजूला गेल्या.

मी म्हणालो, "मोठी घेतली असती तर ट्रॅक्टरनं ओढता आली असती."

"म्हणून तर न्हाई घेतली," तो म्हणाला. "ट्रॅक्टर काय, म्या एकट्यानंबी लावला असता."

मी त्याच्याकडं बघत राहिलो.

"बघतो काय दादा," तो म्हणाला, "मागून धर की."