पायांवर पडणारा उजेड

सिनेमा चालू असताना मी फोन उचलला, आणि वर खोटं बोललो.

बेळगावातल्या आमच्या जुन्या थेटरात दारावर एक गृहस्थ असतात. इतकी वर्षं भेटतो, पण नाव कधी विचारलं नाही. ते मला अण्णा म्हणतात, तसं सगळ्यांनाच म्हणतात. पूर्वी शहापुरात यंत्रमागावर होते. त्या खडखडाटात हयात गेल्यानं त्यांना हळू बोलता येत नाही, म्हणून अंधारात ते बोलतच नाहीत. कुणी फोन काढला की त्याच्या पायांवर बॅटरीचा उजेड पाडून नुसते उभे राहतात. तोंडावर कधीच मारत नाहीत. भलेभले मुकाट्यानं फोन खिशात घालतात. गाणं लागलं की ते चहाला जातात आणि शेवटच्या कडव्याला बरोबर परत येतात.

त्या दुपारी फोन बायकोचा होता. कागलला तिच्या भावाची वास्तुशांत होती. ती सकाळीच पुढं गेली होती आणि मी जेवणापर्यंत पोचतो म्हणून कबूल केलं होतं.

"कोगनोळी नाक्यावर अडकलोय. लई मोठी लाइन हाय गं," मी म्हणालो.

पायांवर उजेड पडला. मी हातानं 'एकच मिनिट' अशी खूण केली आणि पुढं उभ्या असलेल्या ट्रकांचं वर्णन करू लागलो. उजेड हलेना. पुढच्या दोन रांगा वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

फोन कानालाच होता. शेवटी ते वाकले आणि सगळ्या थेटराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, नाका सुटंपर्यंत भाईर जाऊन बोला की. हितं माणसं सिनेमा बघाय आल्यात."