दात यायच्या वेळेला

१२ डिसेंबर २०२३. उमरखेडच्या एका बालरुग्णालयात रक्ताच्या तपासणीसाठी आणि छातीच्या फोटोसाठी दोन हजार एकशे साठ रुपये भरायचे होते. लालीबाईच्या बटव्यात दोन हजारच निघाले. वरचे एकशे साठ तिचा व्याही रूपसिंग याने दिले.

"भाजीत वळते करा, विहीणबाई. पण वांगे किडके नका देऊ!"

लालीबाई हसली नाही. बसस्टँडबाहेर भाजी विकून तिने सलोनीला एकटीने वाढवले, बंजारा तांड्यातल्या चांगल्या घरी दिले. आता सलोनीचा नयन सात महिन्यांचा होता आणि महिन्याभरात दुसऱ्यांदा न्यूमोनियाने धापा टाकत होता.

सहा महिन्यांपर्यंत नयन असा गुबगुबीत होता की बायका म्हणत, "पैलवानच हाय बाई!" कुणी असे म्हटले की लालीबाईचा तराजूवरचा हात थांबे. असे पोटचे दोन पैलवान तिने मांडीवर खेळवले होते. आधी कान फुटला, मग छाती भरली, आणि वर्षाचे व्हायच्या आत दोघेही गेले. दात यायच्या वेळेला जातात लेकरं, असे म्हणून तांड्याने त्यांना ओढ्याकाठी पुरले. अशा लेकरांचे नाव पुन्हा कुणी काढायचे नाही, ही रीत. मग ती दुसऱ्या तांड्यावर राहायला आली, सलोनी झाली, नवरा वारला आणि सोयरिकीच्या वेळी लेकरं किती झाली असे रूपसिंगने विचारले तेव्हा तिने सांगितले, "एकच पोरगी."

डॉक्टर निशिगंधांनी नयनच्या घशात बॅटरी मारली. बराच वेळ पाहिले.

"टॉन्सिल दिसतच नाहीत याच्या. सलोनी, तुझा एखादा भाऊ लहानपणी गेला का?"

"मले भाऊच नव्हता, मॅडम."

"बरं. मग आधी साधंच औषध देऊन बघू."

लालीबाईने पदर घट्ट धरला. "भाऊ असता तर काय झालं असतं?"

"मोठ्या माणसाच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी असतात. बाळाच्या सुरुवातीला कोवळ्या असतात, म्हणून आईनं पोटातच दिलेली प्रतिपिंडं त्याला पहिले काही महिने पुरतात. काही मुलग्यांत या पेशी तयारच होत नाहीत. आईचं सरलं की काही उरत नाही. हे आईकडूनच येतं, आई मात्र ठणठणीत असते; पुष्कळदा तिचे भाऊ असेच गेलेले असतात. तसं असतं तर मी आजच नागपूरला पाठवलं असतं."

नयनच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. रूपसिंग शेजारीच उभा होता.

"दोन होते," लालीबाई म्हणाली. "दोघंबी असेच गेले."

सलोनीने मान वर करून आईकडे पाहिले. "याडी, मले भाऊ होते?"

रूपसिंगने टोपी काढून हातात घेतली. "मी तुमच्या दारात बसून विचारलं होतं, विहीणबाई. शपथेचं पाणी पिऊन खोटं बोलल्या तुम्ही."

त्याच दिवशी नागपूरला निघालेल्या रुग्णवाहिकेत तो चढला नाही.

नागपूरच्या तपासणीत सलोनीच्या रक्तात त्या पेशी भरपूर निघाल्या. नयनच्या रक्तात जवळजवळ नव्हत्याच. छाती मोकळी झाली, पण आता दर महिन्याला शिरेतून प्रतिपिंडे द्यावी लागतात, जन्मभर. एक खेप चुकली तरी लालीबाई रात्रभर त्याचा श्वास ऐकत बसते. सलोनी तिच्याकडेच आहे. सासरहून न्यायला कुणी आलेले नाही.

रूपसिंगचे एकशे साठ रुपये द्यायचे राहिले आहेत.